धुरी दिलेली पुस्तकं

१८ सप्टेंबर १९७२

मेली! डोंगरावरच्या दवाखान्यात, खिडकीतून सूर्यास्त बघत बघत, नवऱ्याचा हात हातात घेऊन. रुमालावर म्हणे एक गुलाबी ठिपका उमटला. नुसता ठिपका! या लेखकाला कधी खोकला झालाय का? दोन्ही हातांनी बरगड्या आवळून बसावं लागतं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, झंपर घामानं भिजतं – यातलं एक अक्षर नाही. समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय – 'फार रडू आले'. मला नाही आलं. संताप आला. क्षयाची बाई दिसली की हे लोक तिला मारूनच टाकतात. ही माझ्या हातात आलेली दुसरी.

आत्या म्हणाली, "मग वाचतीस कशाला? ताप चढंल उगं."

मग काय करू? दिवसभर छपराचे पत्रे बघत पडू?

२० सप्टेंबर

आषाढात नगरला छातीचा फोटो काढला, तेव्हापासून इथं आहे – कोल्हारला, माहेरी. पण घरात नाही. मळ्यातल्या इंजिनच्या खोलीत. विहिरीत ठणठणाट, इंजिन बंद पडून आहे, म्हणून खोली मला. ऑइलचा वास काही जात नाही. माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा. आई उंबऱ्याबाहेर जेवण ठेवते अन् तिथूनच चार शब्द बोलते. आत तेवढी लंकाआत्या येते. अण्णांची बहीण. तिचं म्हणणं, "मला काय हुतंय आता? माजं समदं झालं."

सासरी खरं फक्त ह्यांना माहीत आहे. सासूबाईंना सांगितलंय की आईचे गुडघे धरलेत, म्हणून मदतीला राहिलेय. कळलं तर त्या उंबऱ्यात पाऊल ठेवू देणार नाहीत. अन् बनू तिकडंच, त्यांच्यापाशी. तीन वर्षांची आहे.

वाचनालयातून पुस्तकं आत्या आणते. अण्णांच्या नावावर. तिला वाचता येत नाही, ती हातात तोलून जाडजूड बघून उचलते. "धा दिस तरी पुरलं पायजे." आज मात्र पातळ आणलं, कारण वर कोंबडीचं चित्र होतं! कुक्कुटपालन. तरी वाचलं. खुराडं कसं असावं, उजेड कसा यावा, सगळं छान लिहिलंय. मग एके ठिकाणी – 'रोगट पक्षी दिसताच तत्काळ वेगळा करावा. सुधारणा न झाल्यास त्याचा मोह धरू नये.'

पुस्तक मिटलं.

२४ सप्टेंबर

हे आले होते. नागापूरच्या कारखान्यात आता रात्रपाळी आहे म्हणे, डोळे ओढलेले. दारात बसले, पण बसले तरी. बनू 'टाटा' म्हणायला शिकली. मी तिकडून निघाले तेव्हा तिला नीट 'भाकरी' म्हणता येत नव्हतं. "विचारते का माझं?" म्हटलं. "विचारायची. आता खेळात रमलीय," म्हणाले. चांगलं झालं म्हणायचं की काय म्हणायचं?

जाताना कुणाची गाठ नको म्हणून बांधाबांधानं गेले. अण्णांना मात्र पारावर गहिनीनाथ गाठ पडले. वाचनालय तेच बघतात. त्यांनी विचारलं, "काय, कोंबड्या पाळणार का?" अण्णांना काही उलगडेना. हसले बाई मी, किती दिवसांनी! मग खोकला.

२९ सप्टेंबर

रहस्यकथा. भलती रंगली. बंगल्यात खून, दारं आतून बंद, जिन्यावर ओले पाय. खुनी कोण हे इन्स्पेक्टर सांगणार – अन् शेवटचं पानच फाटलेलं! कुणी नेलं असेल? हात मोडोत त्याचे. आत्याला सगळी गोष्ट सांगितली. ती जात्याशी बसल्यासारखी मांडी घालून ऐकत होती. म्हणाली, "दिराचंच काम. दुसरं कोन? वाटनीचं हाय ते." पटलं मला. आता ते पान सापडलं तरी वाचायची नाही.

३ ऑक्टोबर

ताप. अक्षरं हलतात. वाचलं नाही.

८ ऑक्टोबर

आज कळलं, पुस्तकं परत करायच्या आधी आत्या काय करते ते. बाहेर धूर दिसला म्हणून डोकावले. बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवतात तसा विस्तव लोखंडी पाटीत, त्यावर निंबाचा ओला पाला, अन् वर कोंबड्यांच्या पालथ्या डालग्यावर पुस्तक उघडून ठेवलेलं. पानं पिवळी पडलेली, कडा वळलेल्या. "आत्या, हे काय?" तर म्हणे, "तुज्या हातचं दुसऱ्याच्या घरात जायचं. कुनाचं लेकरूबाळ आसतं. पाप कशाला घ्यायचं?"

तिचं बरोबरच आहे. तरी दार लावून घेतलं अन् रडले. माझ्या हातचं पुस्तकसुद्धा!

१२ ऑक्टोबर

विलायतेचं प्रवासवर्णन. लेखक बर्फात चालतात, चहा पितात, पुन्हा बर्फात चालतात. कोवळं ऊन पडलं की लगेच त्यांचं मन भरून येतं. ये म्हणावं इकडं. नदीत वाळू तापलीय, आई हंडा घेऊन कुठवर जाते देव जाणे. रेशनला ती अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो. सगळं गाव खडी फोडायला गेलंय. इतकं सुंदर लिहिलंय, पण माझ्या कामाचं त्यात काही नाही. आत्याला मात्र बर्फ आवडला. "वरून पडतंय अन् कुनी भरून ठिवत न्हाई?"

१९ ऑक्टोबर

झालं. कळलं सगळ्यांना.

आत्या काल पुस्तक बदलायला गेली होती. गहिनीनाथांनी पुस्तक नाकाशी नेलं अन् सहज विचारलं, "लंकाबाई, ह्याला निंबाच्या धुराचा वास कसा? घरात कुनी आजारी हाय का?" दुसरी कुणी असती तर काहीतरी थाप मारली असती. आत्या ताठ मानेनं म्हणाली, "हाय ना. पुष्पीला छातीचं हाय. म्हनून तर धुरी देते मी, कुनाला लागाया नगं." तिला वाटलं, गहिनीनाथ शाबासकी देतील. बाकावर पेपर वाचत बसले होते श्रीमंतमामा. सासूबाईंचे सख्खे भाऊ! दुष्काळी कामाचं काही विचारायला कोल्हारला आले होते. पेपर घडी करून ठेवला अन् उठून गेले म्हणे.

आत्याला अजून कळत नाहीये तिचं काय चुकलं. "मी खोटं काय बोलले?" असं सारखं विचारते. तिच्यावर ओरडले. नको होतं ओरडायला. पण ओरडले.

२३ ऑक्टोबर

हे आले. दारापर्यंतसुद्धा नाही – बाभळीखाली उभे राहिले अन् तिथून बोलले. सासूबाईंनी माझी लुगडी, पातळं, अंथरूण सगळं जाळलं. बसायचा पाटसुद्धा. "आई म्हणते, पोर आमची आहे. तिकडं पाठवायची नाही, अन् हिनंही इकडं यायचं नाही." मी म्हटलं, "तुमचं काय म्हणणं?" तर, "आईचं मन वळेल हळूहळू." म्हटलं, "मग एकदा तिला लांबून तरी दाखवा. विहिरीपाशी उभी करा, मी उंबरा ओलांडणार नाही." हो म्हणाले. मान खाली घालूनच म्हणाले.

३१ ऑक्टोबर

नाही आले.

पुस्तकं आहेत अजून. आत्या गेलीच नव्हती, गहिनीनाथ स्वतः सायकलवरून येऊन ओट्यावर गठ्ठा ठेवून गेले. "परत करायची घाई न्हाई" म्हणाले. भला माणूस. पण बोलताना उपरण्याचं टोक तोंडावर होतं.

त्यात कवितांचं एक आहे. आत्या म्हणते, "येवढा कागद कोरा सोडलाय, वाया!" मलाही आधी तसंच वाटलं. चांदणं, मोगरा, सखी – पानामागून पान तेच. पण एक छोटी कविता आहे. बाई घर झाडते अन् कोपऱ्यात लेकराचा एक बूट सापडतो, दुसरा नाही. बस्स, एवढंच. पुन्हा पुन्हा वाचली. मग पुस्तक ट्रंकेच्या तळाशी टाकलं, हाताला लागू नये म्हणून.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. बनूला कुणी न्हाऊ घातलं असेल? तिला डोळ्यांत साबण गेलेला अजिबात चालत नाही, मान मागं धरावी लागते. सासूबाईंना ते ठाऊक नसणार.

आरोग्यावरचं पुस्तक वाचतेय. क्षयाचं प्रकरण आहे. 'रुग्णाने सदैव आनंदी राहावे व मनास चिंता लावून घेऊ नये.' वा! किती सोपं. असं पुस्तक मीही लिहीन. 'भुकेल्याने जेवावे.'

१८ नोव्हेंबर

रशियातली कादंबरी, मराठीत केलेली. नावं एवढाली लांब की आत्याला सांगताना मी त्यांना भीमा अन् छगन करून टाकलं. पण काय पुस्तक आहे! काळी भाकरी, चिखल, दारूडा नवरा, एक बाई पिठासाठी तासन् तास रांगेत. सगळं ओळखीचं. इतक्या लांबच्या माणसाला हे कसं कळलं? अन् इथल्यांना नुसता सूर्यास्त दिसतो!

रांगेतल्या त्या बाईची मुलगी दुसऱ्या गावी असते. ती बाई देवाशी भांडते. वाचता वाचता माझ्याही तोंडून मोठ्यानं निघालं. देवीच्या देवळाकडं तोंड करून म्हटलं, मला बरं करू नकोस हवं तर. हे न्यायला आले नाहीत तरी चालेल. पण बनूला माझ्याकडं आण. कशीही आण.

आत्यानं ऐकलं. "आसं बोलू न्हाई गं," एवढंच म्हणाली.

२७ नोव्हेंबर

नगरला जाऊन आले अण्णांबरोबर. फोटो चांगला आला! डॉक्टर दोन्ही फोटो उजेडात धरून दाखवत होते – इथं डाग होता, आता बघा. थुंकीही स्वच्छ. "औषध सोडायचं नाही, पण तुमच्यापासून आता कुणाला भीती नाही," म्हणाले. हे मला कागदावर लिहून द्या म्हटलं, सासूबाईंना दाखवते. हसले ते. मी हसत नव्हते.

येताना एस.टी.त वाटत होतं, कादंबऱ्या लिहिणाऱ्या सगळ्यांना ओरडून सांगावं – बघा, नाही मेले! रात्रीची भाकरी दोन घास जास्त खाल्ली. संक्रांतीला जाऊन उभी राहणार सासरच्या दारात. हाकलतील तर हाकलू देत.

४ डिसेंबर

सासूबाईच आल्या, टेम्पोनं. बनूला ओट्यावर ठेवलं. पाणी दिलं ते घेतलं नाही. म्हणाल्या, "महिनाभर ताप उतरंना. फोटो काढला. तिलाबी तेच हाय. आता तुमचं तुमच्यापाशी." अन् गेल्या.

काखेत गाठी. दंड माझ्या दोन बोटांत मावतो. आधी मला ओळखलंच नाही. मग मांडीवर आली, उशापासचं पुस्तक ओढलं अन् म्हणाली, "गोस्ट वाच." उघडलं ते पान कसलं होतं मी बघितलं नाही. एक होती मुलगी, तिला बरं नव्हतं, मग ती बरी झाली – असं वाचत गेले. पानं उलटत, तेच तेच, ती झोपेपर्यंत.