गुलाबी हाताचा यंत्रमानव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा कवळ्या बनवणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर राहून लिहिते. शुद्धीचा मुद्दा मुद्दाम आधी घेतला, कारण माझा भाचा, म्हणजे थोरल्या भावाचा मुलगा, "आत्याचं डोकं फिरलंय" असं नातेवाइकांत सांगत सुटला आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना ते म्हणाले, "या वयात खेळणी कशाला हो?" मी म्हटलं, "तुमच्या कपाटात तो सह्या केलेला फुटबॉल कशाला?" ते हसले आणि त्यांनी सही केली.

१. राहतं घर आणि खालचा कारखाना माझ्या स्वकष्टाचे आहेत. दोन्ही माझ्याकडे पॉलिशचं काम करणाऱ्या बाईंना द्यावेत. माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा रक्ताच्या नात्यांनी फोन केले. बाईंनी मला धरून न्हाणीत नेलं. घासायची मोटर, मेण कोरायच्या सुऱ्या, साचे, सगळं त्यांचंच. मोटरचा पट्टा तेवढा बदलून घ्यावा, मी कंटाळा केला.

२. पत्र्याचा यंत्रमानव. सगळं महाभारत यावरून झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे वडील थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. आई नव्हती, त्यामुळे रविवारी आम्ही भावंडं तिथेच. भाऊ खाली खुर्चीत, मी वर केबिनमध्ये. मंगळावरच्या स्वाऱ्या, चालती-बोलती यंत्रं, सगळं मी भिंतीतल्या झरोक्यातून पाहिलं. मशीनच्या घरघरीत संवाद ऐकू येत नसत, ते मीच रचायची. घरी जाताना ते ऐकून भाऊ म्हणायचा, "वेडे, तो असं बोललाच नाही!"

"मग काय बोलला?"

"'पळा' म्हणाला."

माझे संवाद बरे होते.

बाहेरच्या टपरीवर त्या सिनेमांची खेळणी मिळत: रॉकेटं, उडत्या तबकड्या, किल्लीचे यंत्रमानव. वडील एकेक घेऊन देत गेले आणि ट्रंक भरली. वडील गेल्यावर, मी कामावर असताना, भावाने ती ट्रंक भंगारात घातली. मी भंगारवाल्याकडचा ढीग उपसला. एकच यंत्रमानव हाती लागला, उजवा हात तुटलेला. मी तेव्हा कवळ्यांचं काम शिकत होते. हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्याचा हात ओतला आणि बसवला. तो आजही हलतो.

मागच्या महिन्यात भाच्याने जुन्या वस्तूंचा व्यापारी आणला. व्यापारी म्हणाला, "हा गुलाबी काढून मूळचा हात मिळवू, मग बघा भाव!"

"आत्या, हो म्हण ना," भाचा म्हणाला.

"त्या हाताला हात लावायचा नाही," मी म्हटलं. डोकं फिरल्याची बोंब त्याच दिवसापासूनची.

तर यंत्रमानव भाच्याच्या मुलीला द्यावा. ती घरी आली की त्याला किल्ली देऊन फरशीवर सोडते आणि त्याच्या गुलाबी हाताशीच हात मिळवते. ती सज्ञान होईपर्यंत पॉलिशवाल्या बाईंनी तो सांभाळावा, पण कुलपात नव्हे. मागेल तेव्हा हातात द्यावा. पडला, मोडला तरी चालेल. विकायचा नाही म्हणजे नाही.

३. भाच्यास. काहीच द्यायचं नाही असं ठरवलं होतं, ते बदलते. त्याच्या वडिलांचे दात गेले तेव्हा कवळीचं माप मीच घेतलं. तोंडात मापाचा मसाला भरला की माणसाला बोलता येत नाही, फक्त ऐकावं लागतं. ट्रंकेबद्दल इतकी वर्षं साचलेलं सगळं मी तेव्हा सुनावलं. माप निघाल्यावर भाऊ बराच वेळ तोंड पुसत राहिला. मग म्हणाला, "बाबा गेले होते गं. ती ट्रंक बघवत नव्हती मला." त्यानंतर तो जाईपर्यंत आमचं बोलणं कधी तुटलं नाही.

त्या मापाचा प्लास्टरचा जबडा कपाटात वरच्या फळीवर आहे, तो भाच्याला द्यावा. बाजारात त्याला कोणी दमडी देणार नाही. पण ते त्याच्या बापाचं तोंड आहे. ट्रंकेबद्दल बाप काय बोलला, ते वर लिहिलं आहे. भाच्याने ते स्वतःच्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवावं. तेवढं केल्याशिवाय जबडा ताब्यात देऊ नये.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि यात बदल करण्याची माझी इच्छा नाही. मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

सही: कवळ्यावाली आत्या

साक्षीदार: १. शेजारचे चष्मेवाले (सही)
२. दाखला देणारे डॉक्टर (सही)

पॉलिशवाल्या बाईंना साक्षीला घेतलेलं नाही, कारण घर त्यांना मिळायचं आहे. त्यांना अजून ठाऊक नाही. कोणी सांगू नये.

ठिकाण: कारखान्यावरची माझी खोली
दिनांक: दाखल्यावरचाच