यादीत नसलेला परिणाम

पंचवटी, नाशिक
दि. २९ ऑक्टोबर २०२५

सौ. सगुणास अनेक आशीर्वाद.

तू येत्या सोमवारी येवल्याहून परत निघणार आहेस, असे काल तृप्तीने सांगितले. म्हणून हे पत्र बंद पाकिटात तिच्याच हाती पाठवत आहे.

इकडील क्षेम असे. किरणोपचारांचे तेवीस दिवस झाले, दहा उरले. प्रोस्टेट काढून दोन वर्षे झाल्यावर परतलेला कर्करोग आता हटेल, असे डॉक्टर म्हणतात. लघवी काच उतरल्यासारखी होते. शौचातून रक्त जाते. उपचारापूर्वी पाणी पिऊन मूत्राशय भरून ठेवावे लागते; काल द्वारका चौकात रिक्षा अडकली आणि धोतर भिजले. रिक्षावाला काहीच बोलला नाही. त्याचाही मला संताप आला.

तुझ्या कपाळाचे टाके काढले का?

तृप्ती नातेवाइकांना सांगते की किरणांमुळे बाबांचा तोल गेला. तुझा भाऊ नवनाथ मात्र फोनवर म्हणाला, "मास्तर, येवल्यात पाय ठिवला तर तंगडं मोडीन तुमचं." भाषा अशुद्ध, म्हणणे बिनचूक.

पाडव्याची सकाळ मीच लिहिणे आवश्यक आहे, कारण तू ती कोणाला सांगणार नाहीस. तू मला पाटावर बसवून तेल लावलेस. हसत म्हणालीस, "अहो, अंगाचा फळा केलाय की तुमच्या," आणि ओटीपोटावरच्या निळ्या रेघा उटण्याने घासून काढल्यास. किरण कोठे सोडायचे, हे त्या रेघांवरून ठरत होते. मी खाली पाहिले. भरलेला पितळी तांब्या माझ्या हातात होता. तो मी तुझ्या कपाळावर मारला. तू भिंतीवर आदळलीस आणि घसरून खाली बसलीस. मग मी पुन्हा मारला. तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते आणि हात जोडलेले होते. उटण्याच्या पाण्यातून रक्त मोरीकडे वाहत गेले. पहिला घाव रागाचा होता, असे म्हणता येईल. दुसऱ्याला काहीही म्हणता येत नाही.

आता राहिलेले सांगतो. रेघा पुसू नयेत, ही सूचना रुग्णालयाने छापील कागदावर दिली होती. त्या कागदातल्या अकरा चुका मी लाल शाईने सुधारल्या आणि तो घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. तुला दाखवला नाही. त्या रेघांविषयी तुला कोणी काही सांगितलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पुन्हा आखल्या. वीस मिनिटे लागली.

त्याच कागदावर दुष्परिणामांची यादी आहे: आग, रक्तस्राव, जुलाब, थकवा. बायकोला मारणे त्या यादीत नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आमटी खारट झाली म्हणून मी तुझा दात पाडला, तेव्हा मला कोणता उपचार चालू होता?

आज सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "आजोबा, या वयात कशाला? घरातलं घरात मिटवा." चाळीस वर्षे घरातच मिटत आले, असे सांगून मी लेखी जबाब दिला. 'न्हाणीघरात पडली' ही तृप्तीने रुग्णालयात केलेली नोंद खोटी आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ते तुला विचारतील. मला सांभाळून घेऊ नकोस.

चादरी कोण धुणार, असे तू तृप्तीला विचारलेस म्हणे. मी धुतो. पिळायला जोर पुरत नाही. दोरीवर ठिबकत राहतात. पण वाळतात.

सोमवारी येऊ नकोस. मी फोन केला, रडलो, रक्त पडल्याचे सांगितले, तरीही येऊ नकोस.

वर सवयीने आशीर्वाद लिहिले आहेत. तो अधिकार मला नाही. ते खोडून वाच.

तुला मारणारा,
सावळीराम