फोन आईकडे का दिला

मंगळवार, ९ ऑक्टोबर

चि. भिंगऱ्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत. आई म्हणते, मॅनेजर झालास तरी मोजे उलटेच धुवायला टाकत असशील. तुझा कोट-टायमधला फोटो तिने फ्रिजवर चिकटवलाय. दूध काढायला गेलं की आधी तू दिसतोस, मग दूध.

बत्तिसाव्या वर्षी इथल्या क्लबने नारळ दिलेला माणूस परमुलखातल्या संघाकडून छत्तिसाव्या वर्षी फुटबॉलचा कप उचलतो आणि आता त्याच संघाचा कारभार पाहतो! शाळेत पोरांकडून कविता चालीवर म्हणून घ्यायचो ना, तसंच तुझं धावणं मी मैदानाच्या कठड्याशी डोळे मिटून ऐकायचो. गवतावरची पावलं, कुठे लघू, कुठे गुरू. शेजारचे म्हणायचे, "मास्तर, पोरगं खेळतंय आणि तुम्ही झोपता काय!"

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, चौतीस वर्षांचा एक खेळाडू आहे. त्याची पाठ दुखते असा संशय आहे. महिनाअखेर त्याला ठेवायचं की सोडायचं ते ठरवायचंय. त्याच्या बायकोला हळूच विचारू का?" मी म्हणालो, "काही ऐकू येत नाही रे," आणि फोन आईकडे दिला.

लाइन स्वच्छ होती.

तुला नारळ मिळाला त्या वर्षी क्लबचे डॉक्टर मला बाजारात भेटले होते. "काय मास्तर, चिरंजीवांचा गुडघा कसा आहे?" सहज विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "मैदानावर वृत्त शुद्ध आहे हो, पण सकाळी जिना उतरताना यतिभंग होतो. कठडा धरून आडवा उतरतो." ते खळखळून हसले. मग हसू ओसरलं आणि त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

आणि मी तेही सांगितलं.

जीभ घसरली, असं इतकी वर्षं स्वतःला समजावलं. पण घसरलेली जीभ तारखा सांगत नाही. मनात होतं, तू सुटशील, घरी राहशील, माझ्याच शाळेत खेळाचा मास्तर होशील. चार वाजता फाटकातून दोघं एकत्र निघू. तू मात्र सहा महिन्यांत विमानात बसलास.

गुडघ्याची बातमी फोडल्याचा संशय तू घेतलास तुझ्या गोलकीपर मित्रावर. "दौऱ्यावर एका खोलीत राहायचो, त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक?" त्याच्याशी बोलणं टाकलंस. मी समोर बसून चहा फुंकत राहिलो. तो अजून येतो, आमचे दिवे बदलून देतो, तुझ्या सामन्यांचे निकाल आईला वाचून दाखवतो. काल त्याला सगळं सांगितलं. स्टुलावरून न उतरता म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं, काका. डॉक्टरच क्लबात सांगत होते, यतिभंग म्हणे! असं दुसरं कोण बोलणार?"

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या खेळाडूच्या बायकोला विचारू नकोस. घरच्यांना खरं ठाऊक असतं, पण त्यात त्यांची स्वतःची इच्छा मिसळलेली असते. त्यालाच समोर बसव, दार लाव आणि विचार. ठेव किंवा सोड, पण ते त्याला तुझ्या तोंडून कळू दे.

आणि आधी त्या मित्राला फोन कर. नंबर तोच आहे.

मग जमलं तर मला. रागावून केलास तरी चालेल, या वेळी आईकडे देणार नाही.

रविवारी ज्याला शब्द न् शब्द ऐकू आला होता, तो तुझा

बाबा