उशीतल्या नोटा

मी, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली आजी, वय ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे ते देवालाच ठाऊक, अक्षरओळख नाही, बाकी सगळ्यांशी ओळख आहे, आज दुकानाच्या पायरीवर बसून, चहाचा कप हातात धरून, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र सांगत आहे. माझी नातसून लिहून घेत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकणारा गृहस्थ वारून वीस वर्षे झाली.

कलम एक. दुकानाची खोली नातवाला. एकुलता एक आहे, नाइलाज आहे. लोखंडी इस्त्रीही त्यालाच. त्याने आजवर स्वतःचा एकही शर्ट इस्त्री केलेला नाही. आता वेळ येईल.

कलम दोन. पूर्वी कपड्यांच्या खिशांत नोटा राहून जायच्या, धुऊन चुरगळलेल्या. इस्त्रीची ऊब लागली की नोट हळूच सरळ व्हायची, झोपेतून उठल्यासारखी. मी ती ज्याची त्याला परत करायचे. आता खिसे रिकामे येतात. नातवाने भिंतीला एक डबी लावली आहे. गिऱ्हाईक मोबाइल दाखवते, डबीतली बाई रक्कम गल्लीभर ओरडून सांगते आणि पैसे नातवाच्या मोबाइलमध्ये जातात. कमाई माझी, मी ती फक्त ऐकायची. दुपारी डुलकी लागली की दिसते, दोरीवरचे सगळे शर्ट उतरून रस्त्याने चालले आहेत, हलके हलके, आणि कुणाच्याच खिशात खुळखुळ नाही.

कलम तीन. हे गाऱ्हाणे समजावे. नातसुनेने मोबाइलवरून पैसे देऊन कंगवा घेतला, तर खबर नातवाच्या मोबाइलमध्ये, आणि ती घरी पोचायच्या आत त्याचा फोन, "कंगवा कशाला?" तिची आई पडली, तेव्हा तिने मोबाइलवर बसचे तिकीट काढले. याने खुर्चीत बसल्या बसल्या ते रद्द केले. "पुढच्या महिन्यात जाऊ." असे तीन पुढचे महिने झाले. आई आता अंथरुणातून उठत नाही. नातू वाईट नाही. त्याला वाटते, तो काळजी घेतो. माझ्या नवऱ्यालाही असेच वाटायचे. पण माझ्या कनवटीला काय आहे, ते त्याला दिसत नसे. तेवढ्याशा अंधाराच्या जोरावर मी माझ्या आईला दोनदा भेटून आले.

कलम चार. माझ्या उशीत कापूस कमी आणि नोटा जास्त आहेत. एकेक इस्त्री करून घातलेली. तीस वर्षे त्यांवर झोपले. स्वप्नात कायम कुठेतरी निघालेली असायचे, पायाखाली रस्ता कोमट.

उद्यापासून सगळ्याच नोटा बंद, सरकारचा हुकूम. बँकेत भरा म्हणतात. म्हणजे खात्यात, खाते मोबाइलमध्ये आणि मोबाइल नातवाच्या हातात. बसस्थानकावरची शेवटची खिडकी आजचा दिवस रोख घेते. म्हणून उशी नातसुनेला.

"आजी, हे लिहू?"

"लिही. आणि स्वतःबद्दल लिहिताना अक्षर एवढं बारीक करू नकोस."

"ते चिडतील."

"चिडू दे. मी कशाला बसलेय इथे?"

मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते म्हणतात. हे कलम माझ्या देखत, चहा गार व्हायच्या आत लागू व्हावे. माझ्या मरणाची वाट पाहत बसलात तर तिची आई थांबणार नाही. परतीचे तिकीटही त्याच खिडकीवर काढावे. वापरायचे की नाही, ते तिचे तिने ठरवावे. उरलेल्या नोटा तिने आईच्या उशाखाली ठेवाव्यात. बाजारात चालणार नाहीत, पण झोप चांगली लागते.

कलम पाच. नातू घरी आल्यावर हे त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. मध्येच उठला तर पुन्हा पहिल्यापासून.

(इथून पुढचे अक्षर समोरच्या शिंप्याचे.)

निशाणी: आजी, डाव्या हाताचा अंगठा.
साक्षीदार: मी, शिंपी. दुसरी, दूधवाली.
स्थळ: इस्त्रीच्या दुकानाची पायरी.
तारीख: महिन्याची शेवटची. वेळ: दुपारचे तीन.
लिहून घेणारीची सही: राहिली. तिची बस सव्वातीनची होती.