मेंडेल तुझा होता

नवी पेठ, पुणे
बुधवार, दुपार

प्रिय आम्रपाली,

तुझा भाऊ जयसिंग खाली टपरीवर चहा पीत बसला आहे. दोन रिकामी पोती घेऊन हडपसरहून मोटारसायकलवर आला, तुझी पुस्तकं न्यायला. ताईने परीक्षेचा नाद सोडला, पुस्तकं कुणाला तरी देऊन टाकायची म्हणते, असं त्याने अगदी सहज सांगितलं. मी म्हटलं, बस, चहा घे, बांधून देते. खोटं बोलले. मी काहीही बांधत नाहीये. अभ्यासिकेत तुझ्या टेबलाशी, तुझीच उशी पाठीला घेऊन हे पत्र लिहितेय. पुस्तकं मी देणार नाही. तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलास, त्यामुळे कागदावर लिहिण्यावाचून दुसरा मार्ग तूच ठेवला नाहीस.

तुझी जागा अभ्यासिकेच्या काकांनी लातूरहून आलेल्या एका मुलीला द्यायचं ठरवलं होतं. तिचा बिचारीचा काय दोष? तरी रोज सकाळी सहाला येऊन मी माझ्या खुर्चीवर बसते आणि तुझ्या खुर्चीवर बॅग ठेवते. काकांनी विचारलं, एका माणसाला दोन खुर्च्या कशाला लागतात? मी म्हटलं, लागतात. निवड झाली की मुलींच्या डोक्यावर परिणाम होतो, अशा नजरेने ते बघत राहिले.

हो, माझी निवड झाली. नायब तहसीलदार. तुला कुणीतरी सांगितलंच असेल, आणि ते माझ्याकडून कळलं नाही याचा रागही आला असेल. कशी झाली ते वाचल्यावर राग आणखी वाढेल. वाढू दे.

अनिरुद्ध सरांच्या क्लासमधला तो गुरुवार आठवतो ना? मुलाखतीच्या तयारीचा शेवटचा आठवडा होता. इतिहासातल्या कोणत्या शास्त्रज्ञाशी गप्पा मारायला आवडेल, हा प्रश्न हमखास येतो म्हणून सर यादी टाइप करूनच आले होते. रेशनच्या दुकानात रॉकेल वाटावं तसे त्यांनी शास्त्रज्ञ वाटले. इंजिनिअर मुलांना आइन्स्टाइन, शेतकऱ्यांच्या मुलांना बोरलॉग, मला जगदीशचंद्र बोस, आणि तू विज्ञानाची पदवीधर, त्यात मुलगी, म्हणून तुला मादाम क्युरी. प्रत्येकाला सोबत आठ ओळींचं उत्तरही होतं. सगळे माना डोलावून पाठ करायला लागले आणि तू हात वर केलास.

तू म्हणालीस, सर, मला मेंडेलशी बोलायचंय. सर म्हणाले, वाटाण्याच्या रोपांवर काय बोलणार? तू म्हणालीस, वाटाण्यांचं पुस्तकात आहे, ते मी कशाला विचारू? हा माणूस मठात राहून शाळेत बदली शिक्षक म्हणून शिकवायचा. कायम होण्यासाठी शिक्षकाची परीक्षा द्यायला व्हिएन्नाला गेला, पास झाला नाही. सहा वर्षांनी पुन्हा गेला, पुन्हा तेच. मला त्याला एवढंच विचारायचंय की दुसऱ्यांदा परत आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलांसमोर वर्गात उभे कसे राहिलात? तूही तेव्हा दोनदा परत आली होतीस, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, अधिकारी व्हायला निघालात ना, मग नापासांची नावं घ्यायची नाहीत. आणि मग आवाज खाली आणून, फार मोठा उपकार करत असल्यासारखे म्हणाले, तुम्ही तर संघर्षाचा विषय काढूच नका, तुमचा अर्ज बघून तो पॅनेलला कळतोच. तू खाली बसलीस. तुझ्या वहीच्या कव्हरला आतून लावलेला बाबासाहेबांचा छोटा फोटो तू अंगठ्याने नीट दाबून बसवलास, एवढंच मी पाहिलं.

इथपर्यंतचं तुझ्याही लक्षात असेल. पुढचं मी विसरायचा फार प्रयत्न केला. क्लास सुटल्यावर स्वारगेटपर्यंत आपण चालत गेलो. तू अडून बसली होतीस, मेंडेलच सांगणार म्हणून. आणि मी सबंध रस्ताभर तुझं डोकं खाल्लं. सरांना वीस वर्षांचा अनुभव आहे, हट्ट करू नकोस, घरी शेवटचा प्रयत्न म्हणून शब्द दिलायस, आता प्रयोग कसले करतेस? तुझी हडपसरची बस लागली तेव्हा तू म्हणालीस, बरं बाई, क्युरी तर क्युरी. सरांनी तुला गप्प केलं, पण होकार वदवून घेतला तो मी. सरांच्या नावाने बोटं मोडताना हे मी सोयीस्करपणे गाळत आले.

तुझ्या मुलाखतीचं तू मला त्याच स्टॉपवर उभी राहून सांगितलंस. तुझ्याआधी तिघींनी क्युरीच सांगितली होती. पॅनेलवरचे ते वयस्कर गृहस्थ म्हणाले, सकाळपासून मादाम फार कामात आहेत, तुमच्यासाठी त्यांना वेळ आहे का? मग तू पाठ केलेलं सांगितलंस, दोन नोबेल, त्याग, जिद्द. ते म्हणाले, हे तुम्ही त्यांना सांगणार? त्यांना ठाऊक असेल की! तू हे हसत हसत सांगितलंस, आणि समोर लागलेली हडपसरची बस सोडून दिलीस.

नऊ दिवसांनी माझी मुलाखत झाली. तोच प्रश्न आला. बोस जिभेवर तयार होते, आठच्या आठ ओळी. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, मेंडेल. मग तुझं सगळं म्हटलं, शब्दाला शब्द, ती सहा वर्षं, ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. पॅनेलवरच्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पुढे वाकून ऐकायला लागल्या. मी दोनदा पडलेली नव्हते, आम्रपाली. माझा तो पहिलाच प्रयत्न होता. मला असं विचारावंसं का वाटतं, हे त्यांनी विचारलं, तेव्हा माझी एक मैत्रीण आहे, असं म्हणायला अर्धं मिनिट मिळालं होतं. मी म्हणाले नाही. अपयश माणसाला काय शिकवतं यावर बोलले. आख्ख्या क्लासमध्ये मुलाखतीचे सगळ्यात जास्त गुण मला मिळाले आणि तू अकरा गुणांनी गेलीस.

आता रडून-भेकून क्षमा मागणारं पत्र लिहिते आहे असं समजू नकोस. रडून झालं. गेल्या रविवारी क्लासने सभागृह घेऊन सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, मागे माझा दहा फुटी फ्लेक्स. सरांनी भाषणात सांगितलं की मेंडेलचं उत्तर हे आमच्या मार्गदर्शनाचं फळ. मी माइक घेतला आणि सांगितलं, हे उत्तर आम्रपालीचं आहे, याच सरांनी ते नाकारलं, मी तिला ते सोडायला लावलं आणि नंतर स्वतः वापरलं. सर लगेच टाळ्या वाजवत म्हणाले, बघा, यशानंतरची नम्रता याला म्हणतात! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ आला त्यात तेवढा भाग कापलेला आहे. मी शाल तिथेच खुर्चीवर ठेवून आले. फ्लेक्सवरून माझा फोटो काढा म्हणून लेखी दिलंय, पोच घेतली आहे.

सोमवारी क्लासच्या बोर्डावर नव्या बॅचची यादी लागली. महिला उमेदवार, विज्ञान शाखा: मेंडेल. खाली आठ ओळी. मी तो कागद काढला, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, हे उत्तर आम्रपालीचं आहे, पाठ करू नका, स्वतःचं शोधा, आणि परत लावला. तासाभरात गायब. मी दुसरा लावला. आज सकाळी पाचवा लावला आहे. शिपाई म्हणाला, मॅडम, तुम्ही आता साहेब होणार, कशाला हे? मी म्हटलं, साहेब होणार म्हणूनच. पण खरं सांगू? मी पन्नास कागद लावले तरी ते माझ्याच अक्षरातले असणार. तुझं तुला परत मिळेल असं माझ्या हातात काहीच नाही.

म्हणून जयसिंगबरोबर पोत्यांऐवजी हा लिफाफा पाठवतेय. आत एक कोरा कागद आहे, सहीसाठी चौकट आखलेला. पुढच्या परीक्षेचे अर्ज शुक्रवारी बंद होतात. तुझा अर्ज मी भरलाय, गेल्या वेळी शेजारी बसून भरला होता त्यामुळे तुझी सगळी माहिती मला पाठ आहे. फक्त तुझी सही स्कॅन करून जोडायची राहिली आहे; सही मी करू शकत नाही, आणि यापुढे तुझ्या नावावर काही करणारही नाही. मेंडेल आता जाऊ दे, तो बाजारात गेला. तू दुसरं कुणीतरी शोधशील, आणि कोण ते मला सांगू नकोस, मी विचारलं तरी सांगू नकोस. घरी आईला काय सांगायचं तो प्रश्न असेल, तर मी रविवारी येते आणि हे सगळं त्यांच्यासमोर बोलते. मला माफ केलं नाहीस तरी चालेल, ब्लॉक राहू दे. सही कर. काळ्या शाईत, चौकटीच्या आत. जयसिंगला मी आता खाली जाऊन सांगते, तो उद्या कामावर जाताना कागद घेतल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही.

तू म्हणशील तेवढीच, पण तुझीच,
पूर्वा