पाचच्या आत फुटला तर

शुक्रवार, ६ जून
आईचा फोन. दोन किलो पेढे घेतलेत. "तुझ्या सरांना मी माझ्या हातानं देणार." मी हो म्हणालो. कोणते सर? युनिव्हर्सिटी सोडून दीड वर्ष झालं. आता व्हिसासाठी नावापुरता एक डिप्लोमा आणि कोल्ड स्टोअरची शिफ्ट. पदवीचा जो फोटो तिनं देवघराशेजारी लावलाय, त्यातला गाऊन माझा हाउसमेट सौरभचा. तोच म्हणाला होता, "घाल रे, आई खूश होईल."

शनिवार, ७ जून. सकाळ
बालीजवळचा ज्वालामुखी धुमसतोय. राख आली की बालीची विमानं बंद. आई बालीमार्गेच येतेय. मुंबईहून तिचं विमान सुटतं तेव्हा इथे ऑस्ट्रेलियात, क्लेटनमध्ये पहाटेचे पाच. पाचच्या आत फुटला तर ती निघणारच नाही. नंतर फुटला तर बालीत एकटी अडकेल. वेळा दोनदा तपासल्या.

रात्री ११.३०
टीव्हीवर डोंगराचा लाइव्ह कॅमेरा. सौरभ आणि दुसरा हाउसमेट हरप्रीत पिझ्झा घेऊन बसलेत. आज रात्री फुटला नाही तर हरप्रीतनं महिनाभर बाथरूम घासायचं, अशी पैज. ब्लँकेटवर चीज. हरप्रीत पायाची नखं कुरतडतो, तोच हात पिझ्झ्याला. डोंगराखालच्या गावांतली माणसं शाळांत हलवलीत. हरप्रीत म्हणतो, "फट जा यार, नींद आ रही है."
किळस आली. उठलो मात्र नाही.

१.४०
सौरभ : "तुझी आई येतेय ना उद्या? टेन्शन नको घेऊ, नाही फुटणार."
मी : हं.

३.१५
लाल ठिपका मोठा झाला. माझ्या तोंडून "फूट, फूट" निघालं. सौरभनं वळून पाहिलं. पिझ्झ्याचा बॉक्स उचलून किचनमध्ये गेला, तिथून झोपायला.

४.५२
आईचा मेसेज : "बसले. खिडकी मिळाली."
दात घासले. परत घासले. तोंडाला अजून वास.

५.४०
फुटला. हरप्रीत एकटाच नाचला. मला टाळी द्यायला हात पुढे केला. दिली. मग साबणानं धुतला. घाण त्याच्या हाताची नव्हती.

रविवार, ८ जून. दुपार
आई बालीच्या एअरपोर्टवरून बोलतेय. फोन नागपूरच्या एका बाईंचा. "आम्ही उतरलो आणि मग राख आली. पुढचं विमान रद्द झालंय म्हणे. तू घाबरू नकोस. जेवलास का?"
मग : "ह्यांची लेकरं भुकेली होती, पेढ्यांचा बॉक्स फोडला. रांगेतल्या सगळ्यांना दिले. मुलगा पास झाला म्हणून सांगितलं."
आणि :
"तुझ्या सरांचे चार ठेवलेत बाजूला."
म्हणालो, आई, तेही वाटून टाक.
"का रे?"
हे लिहितोय. फोन चालू आहे.