लाल चिंधी

बाबा, हे लिहायचं मी किती वर्षं ढकलत आले. आजसुद्धा आधी चहा केला, मग पेन शोधलं, मग ते चालतं का बघायला कागदाच्या कोपऱ्यात मांजर काढलं. मी अजून तशीच आहे. नोकरी धरते, सोडते. महिनाभर मढच्या एका बंगल्यात शूटिंगवाल्यांचा चहा-नाश्ता बघितला, आता परत मुलुंडला, आईकडे.

सकाळी तिच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर माव्याची कीड दिसली. औषध मारलं आणि हात आपोआप लाल चिंधी शोधायला लागले. सवय तुझी. सोसायटीच्या बागेत तू पाठीवरच्या पंपाने फवारलंस की त्या झाडाला लाल चिंधी, आणि ती सुटेपर्यंत कोणी पान तोडायचं नाही. नवे भाडेकरू नवसाचं झाड समजून पाया पडायचे. मी हसले तर म्हणालास, "हात जोडतत, पानां तोडनत नाय. जोडूंदेत."

त्या दिवशी मी चौथीत. कढीपत्त्यावर फवारून तू चिंधी माझ्या हातात दिलीस. "बांध गो, मी पंप धुतंय." माझी एक रिबीन हरवलेली, शाळेत बाई ओरडणार, आणि चिंधी अगदी रिबिनीसारखी. मी ती वेणीला बांधली आणि गेले. दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ती पानं कढीत घातली. उलट्या, मग हॉस्पिटल. संध्याकाळी सेक्रेटरी आपल्या दारात. "चिंधी बांधली होतीस का रे?" तू माझ्याकडे बघतोस. दोन वेण्या, एक रिबीन, एक चिंधी. "विसरलो, साहेब," म्हणतोस.

काकू दोन दिवसांनी घरी आल्या. तुझं माळीकाम गेलं, पुढे वॉचमनकी केलीस, झाडांना हात लावला नाहीस. मला ओरडलाही नाहीस. चिंधी सोडवलीस आणि साबणाने माझे केस दोनदा धुतलेस, बस.

आत्ता बेल वाजली. काकू आल्यात, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाहेर आईला सांगतायत, "माणूस भला होता हो तुमचा. विसराळू तेवढा." खरं काय ते आईलाही मी कधी सांगितलेलं नाही.

पेन ठेवते. कढीपत्त्याला चिंधी बांधून झालीय. बाहेर जायचं तेवढं राहिलंय.